रंग सालीत, तुरटपणा बीत, काळेपणा गरात

शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षाचा पिकलेला मणी दोन बोटांत दाबा. बाहेर येणारा गर हिरवट-पांढरा असतो, त्यात रंगाचा मागमूस नाही. साल वेगळी चावली तर जीभ जांभळी होते आणि थोडा तुरटपणा जाणवतो. बी चावली तर तुरटपणा चांगलाच लागतो, आणि ती कच्ची असेल तर सोबत कडवटपणाही येतो. तिन्ही ठिकाणी फिनॉलिक संयुगंच आहेत, पण वेगवेगळी. गरात मुख्यतः कॅफ्टॅरिक आम्ल, सालीत अँथोसायनिन रंगद्रव्यं आणि लांब साखळीची टॅनिन (तुरटपणा देणारी संयुगं), बीत आखूड साखळीची टॅनिन. प्रमाण बघितलं तर मण्यातून काढता येण्याजोग्या एकूण फिनॉलिकपैकी निम्म्याहून जास्त बियांत असतात, साधारण तिसरा हिस्सा सालीत, आणि गराच्या वाट्याला दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यामुळे 'या द्राक्षात एकूण फिनॉल इतके मिलिग्रॅम' हा आकडा एकटा बघून काहीच ठरवता येत नाही. तो बीतून आलाय की सालीतून, यावर सगळं अवलंबून आहे.

बहुतेक काळ्या जातींचा रस पांढराच निघतो. काळ्या पिनो न्वारपासून पांढरी शँपेन होते ती म्हणूनच: रस सालीपासून लगेच वेगळा केला जातो. गरातही रंग असणाऱ्या जाती मोजक्या. फ्रान्समधली अलिकांत बूशे, आपल्याकडची पुसा नवरंग, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेसच्या संकरातून काढलेली मांजरी मेडिका. ही शेवटची जात मुद्दाम ज्यूससाठीच आहे.

गरातल्या कॅफ्टॅरिक आम्लाचा हिस्सा छोटा असला तरी तासगाव-सांगलीच्या बेदाणा शेडवर सगळ्यात जास्त डोकेदुखी त्याचीच. मणी धडधाकट असतो तोवर हे आम्ल पेशीच्या एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. मणी चेपला, चिरला, की दोघं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि आम्लाचं क्विनोन होतं. क्विनोन एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी, पुढे काळपट रंग तयार होतो. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच मार्गाने, फक्त तिथे आम्ल क्लोरोजेनिक असतं. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या की हवा तुटते आणि मीठ एन्झाइमला आवर घालतं. बेदाण्यात ही सोय नाही, कारण तिथे पाणी घालवायचंच असतं.

म्हणून बेदाण्यात सगळी शर्यत वेळेशी. मण्यातलं पाणी एका मर्यादेखाली गेलं की एन्झाइम थंडावतं, तोवर जितके दिवस जातील तितका रंग बिघडतो. नुसता मणी वाळायला घातला तर वरच्या मेणाच्या थरामुळे तीन-चार आठवडेही लागतात. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवल्यावर मेणाच्या पापुद्र्यांतून पाण्याला वाट मिळते आणि सावलीतल्या रॅकवर तेच काम साधारण दोन आठवड्यांत उरकतं. नेहमीचं प्रमाण लिटर पाण्याला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर ऑइल, बुडवण्याची वेळ दोन ते चार मिनिटं. आधी कार्बोनेट पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग ऑइल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळायचं. वर ऑइलचा तवंग तरंगताना दिसला तर द्रावण जमलेलं नाही. काही घड तेलकट आणि काही कोरडे राहतात, मग एकाच जाळीवर पिवळा आणि काळा माल शेजारी शेजारी दिसतो. वेळ वाढवली तर सालीला चिरा जाऊन रस बाहेर येतो आणि बेदाणा चिकट होतो. २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) खालचं द्राक्ष वाळवण्यात अर्थ नाही, उतारा पडत नाही. आणि काढणीत आपटलेले, गळलेले, कुजके मणी याच टप्प्यावर बाजूला काढावेत. कुजक्या मण्यात बुरशीने सोडलेलं लॅकेज नावाचं वेगळं एन्झाइम असतं आणि ते गंधकाच्या धुरीलाही सहज दाद देत नाही.

व्हाइट वाइनवाल्यांचा शत्रूही हे काळं पडणंच, पण त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षाचा सुगंध थायॉल गटातल्या संयुगांचा, आणि क्विनोन त्यांना गिळतात. तिथे रस हवेपासून जपावा लागतो: तोड पहाटेची, क्रशरवरच गंधकाची (सल्फर डाय-ऑक्साइडची) मात्रा, प्रेसचा दाब एक बारच्या आसपास आला की पुढचा रस वेगळ्या टाकीत. शेनिन ब्लांमध्ये मात्र काही जण मुद्दाम उलटं करतात. आंबवण्याआधी रसाला हवा देऊन तो चहासारखा तपकिरी होऊ द्यायचा, तपकिरी कण गाळात बसवायचे आणि वरचा रस आंबवायचा. काळं पडू शकणारं आधीच काढून टाकलेलं असल्याने पुढे बाटलीतला रंग टिकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा मात्र धीर सुटतो, आणि घाबरून तो अध्येमध्ये गंधक टाकून अर्धवट उद्योग करून बसतो.

आता रेड वाइन. सालीतला रंग पाण्यात विरघळतो. त्याला अल्कोहोलची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे आंबायला लागल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रसातला रंग कळसाला पोचतो. तिथून तो खाली येतो: थोडा यीस्टच्या आणि सालीच्या पेशींना चिकटतो, थोडा टॅनिनला जोडला जातो. बीचं गणित वेगळं. तिच्यावरचं मेणासारखं आवरण अल्कोहोल वाढल्यावर सैल होतं आणि मग टॅनिन हळूहळू, आठवडे-दोन आठवडे उतरत राहतं. 'रंग कमी वाटतोय, साली आणखी आठवडाभर राहू देत' हा निर्णय म्हणूनच नेहमी फसतो. आठव्या दिवशी कमी असलेला रंग पंधराव्या दिवशी वाढत नाही, वाढतं ते बीचं टॅनिन.

रंगासाठी जे करायचं ते पहिल्या चार दिवसांत. तापमान २६ ते २८ अंश ठेवा. टाकीच्या मधल्या रसात २८ दिसत असलं तरी वर तरंगणारी सालींची कॅप त्याहून कित्येक अंश गरम असू शकते, थर्मामीटर तिच्यात खुपसून बघा. कॅप दिवसातून तीनदा बुडवा. बुडवताना साल फाटून लगदा व्हायला नको, नाहीतर गाळ वाढतो. साखर निम्म्यावर आली की दोनदा पुरे. अल्कोहोल वाढल्यावर जोर लावाल तितकी बी जास्त उतरते.

नाशिकच्या मालात आणखी दोन अडचणी असतात. ऑक्टोबरच्या छाटणीचं द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी येतं, आणि तोवर ऊन चढलेलं असतं. साखर भराभर वाढते, बी मात्र आपल्या गतीने पिकते. रिफ्रॅक्टोमीटर २४ ब्रिक्स दाखवतो आणि बी अजून हिरवी, चावल्यावर रबरासारखी असते. पिकलेली बी तपकिरी होते आणि कुरकुरते. एकाच ओळीतल्या वेगवेगळ्या घडांचे, सावलीकडचे आणि उन्हाकडचे मिळून वीस-तीस मणी चावून बघितल्याशिवाय तोडीची तारीख ठरवू नये. बी हिरवी असूनही तोडणं भाग असेल तर रसातला साली-बियांचा मुक्काम कमी करा, पाच-सहा दिवसांत साली दाबून काढा आणि थोडी साखर शिल्लक असतानाच रस वेगळा आंबू द्या. नाहीतर टाकीतला सगळा रस चाळणीतून दुसरीकडे काढा, अडकलेल्या बिया फेकून द्या आणि रस पुन्हा कॅपवर सोडा.

दुसरी अडचण पीएचची, म्हणजे आम्लतेच्या मापाची: आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. डॉगरिज खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात तो) दुष्काळाला दाद देत नाही म्हणून तो सर्वत्र आहे, पण पोटॅशियम भरपूर ओढतो. पोटॅशियम चढलं की टार्टरिक आम्ल निष्प्रभ होतं, पीएच ३.८ च्याही वर जातो आणि रंगद्रव्य भरपूर असूनही वाइन विटकट, निळसर दिसते. अँथोसायनिन लाल दिसतं ते आम्लात. साडेतीनच्या आसपासही सुट्या अँथोसायनिनचा छोटाच भाग लाल रूपात असतो. टार्टरिक आम्ल आंबवण्याआधी घाला. लिटरला एक ग्रॅमने पीएच ठोकळमानाने ०.१ उतरतो, पोटॅशियम जास्त असेल तर त्याहून कमी. थोडं घालून, ढवळून, पुन्हा मोजून पुढे जायचं. कोकमाला ही भानगड नाही. त्याचं रंगद्रव्य सायनिडिन गटातलं आणि स्वतःचं आम्ल इतकं कडक की लाल रंग आपोआप सांभाळला जातो. सोलकढीत नारळाचं दूध पडलं की आम्ल सौम्य होतं आणि रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकतो.

गंधकाचा एक घोळ दरवर्षी कुठे ना कुठे होतोच. आंबवणं संपल्यावर सल्फर डाय-ऑक्साइडची मात्रा दिली की नवी वाइन काही मिनिटांत फिकी पडते. रंग गेलेला नसतो, गंधक अँथोसायनिनला चिकटून त्याला तात्पुरतं बिनरंगी करतं. दोन-तीन दिवसांत मुक्त गंधक कमी झालं की तो बराचसा परततो. टॅनिनला पक्का जोडलेला रंग मात्र गंधकाने विरत नाही आणि पीएचलाही फारसा हलत नाही. पिंपातल्या महिन्यांत थोड्या-थोड्या हवेने घडतं ते हेच. म्हणून गंधकानंतर लगेच रंग मोजू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाइन किती प्रकाश शोषते ते मोजताना १ मिलिमीटरची क्युव्हेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) वापरा, वाइन पाण्याने पातळ करू नका. पातळ केल्यावर रंगद्रव्यांची एकमेकांना बिलगून राहण्याची घडी मोडते आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. ४२० आणि ५२० नॅनोमीटरच्या वाचनांची बेरीज म्हणजे रंगाची तीव्रता. ४२० च्या वाचनाला ५२० च्या वाचनाने भागून येणारा आकडा वाढत चालला तर वाइन विटेच्या रंगाकडे निघाली आहे.

रेड वाइन आरोग्याला चांगली असं सांगताना ज्याचा दाखला देतात त्या रेस्वेराट्रॉल या फिनॉलिकचं नाव अजून काढलं नाही, कारण वाइनमध्ये ते जवळपास नसतंच. लिटरला साधारण एक-दोन मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला दीडशे मिलिग्रॅमपासून ग्रॅमपर्यंत डोस दिले गेलेत. दीडशे मिलिग्रॅमसाठीच निदान पाऊणशे लिटर वाइन लागेल. पोटात गेलेलंही आतडं आणि यकृत झटपट दुसऱ्या रूपात बदलून टाकतात. या विषयावर भरपूर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या संशोधनात खोट्या आणि फेरफार केलेल्या माहितीची १४५ प्रकरणं असल्याचं विद्यापीठानेच २०१२ साली जाहीर केलं. अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे मात्र पक्कं ठरलेलं आहे. हृदयासाठी रेड वाइन घ्या असं सांगणाऱ्याला सरळ द्राक्ष खायला सांगावं, सालीसकट.

एकूण फिनॉल मोजायचेच असतील तर फॉलिन-सिओकाल्टू पद्धत. रेड वाइन दहापट पातळ करा. २० मायक्रोलिटर नमुना, १.५८ मिलिलिटर पाणी, १०० मायक्रोलिटर अभिकर्मक, आणि आठ मिनिटांच्या आत २० टक्क्यांचं सोडियम कार्बोनेट ३०० मायक्रोलिटर. हा क्रम उलटवू नका, अल्कलीत अभिकर्मक लवकर मरतो. २० अंशांवर दोन तासांनी ७६५ नॅनोमीटरला वाचा आणि गॅलिक आम्लाच्या प्रमाणित रेषेवरून आकडा काढा. रेड वाइनला लिटरमागे एक ते तीन ग्रॅम, व्हाइटला दोनशे-चारशे मिलिग्रॅम मिळतील. पण हा अभिकर्मक क्षपण करणाऱ्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) कशानेही निळा होतो: मुक्त गंधक, क जीवनसत्त्व, बरीच साखर. आवळ्याच्या रसाचे डोळे दिपवणारे आकडे बघताना त्यातला केवढा वाटा क जीवनसत्त्वाचा आहे, हे विचारायला हवं. उपाय सोपा आहे. नमुन्याचा एक भाग पीव्हीपीपीची पूड घालून हलवून गाळा, ती बहुतेक फिनॉल ओढून घेते. गाळलेल्या रसाचं वाचन मूळ वाचनातून वजा करा. उरेल तो फिनॉलचा आकडा, आवळ्यात तो मूळ आकड्यापेक्षा बराच खाली येतो.