भाषाविज्ञानातील पीएच.डी. आणि पैशांची जुळवाजुळव

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भाषाविज्ञानात एम.ए. करत असताना आमच्या वर्गात पुढच्या नोकरीविषयी भरपूर बोलणे होई. संशोधनासाठी पैसा कोठून येतो, याची मात्र कोणालाच नीट कल्पना नव्हती. पुढे मुंबईतल्याच एका संस्थेत पीएच.डी.ला नोंदणी करून मी कातकरी बोलीवर काम सुरू केले, तेव्हा ही माहिती तुकड्यातुकड्यांनी हाती येत गेली. त्यातून जे समजले ते थोडक्यात असे की, फेलोशिप ही संशोधकाच्या जगण्यासाठी असते. प्रत्यक्ष कामाचा खर्च, म्हणजे प्रवास, यंत्रसामग्री आणि भाषकांचे मानधन, तिच्यातून क्वचितच भागतो. त्याचे दाते वेगळे, अर्जाची रीत वेगळी आणि वेळापत्रकही वेगळे. आपल्याकडे विद्यार्थी पहिल्या पैशामागे दोन-तीन वर्षे घालवतात आणि दुसऱ्याचा विचार नोंदणी झाल्यावर सुरू करतात, असे माझे निरीक्षण आहे.

पहिल्या पैशाचा राजमार्ग म्हणजे नेट-जेआरएफ, म्हणजेच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. यूजीसीच्या यादीत भाषाविज्ञानाचा विषय क्रमांक ३१ आहे. पहिली प्रश्नपत्रिका सर्वांना समान, ५० प्रश्नांची. दुसरी विषयाची, १०० प्रश्नांची. तीन तासांत दोन्ही, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आमच्या विषयाची अडचण अशी की, ध्वनिविचारापासून ऐतिहासिक भाषाविज्ञानापर्यंत आणि दक्षिण आशियातील भाषाकुळांपासून मनोभाषाविज्ञानापर्यंत सगळेच विचारले जाते, तर एम.ए.ला ज्या विभागात जे शिकवणारे असतील तेवढेच पक्के होते. वाक्यविन्यास माझा चांगला होता. भाषांची तुलना करून त्यांचे नाते ठरवण्याच्या तौलनिक पद्धतीसाठी मात्र मला स्वतंत्र बैठक मारावी लागली. जून २०२४ ची परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा घेतली गेली, हे अनेकांना आठवत असेल. अशा वर्षी ज्यांचे सारे नियोजन एकाच परीक्षेवर टांगलेले असते त्यांचे हाल होतात. जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षांची असून स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. नोकरी करून मग संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावे.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली आणि दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन मिळणारी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) ३५,००० वरून ४२,००० झाली. मुंबई सरकारी वर्गवारीत ‘एक्स’ म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांच्या वर्गात असल्यामुळे घरभाडे भत्त्याचा दर सर्वांत वरचा लागतो, पण वसतिगृहात खोली मिळाली की तो भत्ता मिळत नाही. निकालपत्र हाती आले म्हणजे पैसे सुरू झाले, असा घरच्यांचा समज असतो. माझ्या आईने तर शेजारी पेढेही वाटले होते. प्रत्यक्षात त्या पत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि तेवढ्यात मार्गदर्शक मिळवून पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा लागतो. भाषाविज्ञानात मार्गदर्शक मोजके आणि त्यांच्याकडच्या जागा त्याहून मोजक्या असल्याने हाच टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो. त्यानंतर रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि कुलसचिव यांच्या सह्या, आणि कॅनरा बँकेच्या माध्यमातून चालणाऱ्या पोर्टलवर संस्थेकडून नोंद. संस्थेत एकजण माहिती भरतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो, आणि दरमहा तुमची हजेरी अशी दोन हातांतून गेली तरच त्या महिन्याचे पैसे खात्यात येतात. त्यामुळे महिनाअखेरीस त्या दोन्ही टेबलांकडे एक चक्कर टाकण्याची सवय मी लावून घेतली. रक्कम रुजू झाल्याच्या तारखेपासून धरली जात असल्याने थकबाकी एकदम येते हे खरे, पण तोवरचे मुंबईतले भाडे आणि लोकलचा पास कोणाच्या तरी खिशातून जावा लागतो. काही महिन्यांची गंगाजळी हाती ठेवूनच नोंदणी करावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

जेआरएफ न मिळालेल्यांसाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्या प्रवर्गानुसार असून त्यांच्या जाहिरातींना ठरलेला महिना नसतो, त्यामुळे जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि नोंदणीचे पत्र तयार ठेवून बसावे लागते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचीही डॉक्टरल फेलोशिप आहे आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र कलिनाच्याच आवारात, जे. पी. नाईक भवनात आहे. समाजभाषाविज्ञानाकडे झुकणारा विषय असेल तर तेथे चौकशी जरूर करावी. यांपैकी कोणत्याही दोन फेलोशिप एका वेळी घेता येत नाहीत.

आता दुसऱ्या पैशाकडे येते, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. मानव्यविद्यांसाठी जेआरएफसोबत पहिली दोन वर्षे दरसाल १०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात, पुढे २०,५००. एक बरा रेकॉर्डर, डोक्याला लावण्याचा मायक्रोफोन आणि माहितीच्या प्रती ठेवण्यासाठी दोन हार्डडिस्क घ्यायच्या म्हटल्या, तर पहिल्या वर्षाची तरतूद दुकानाच्या काउंटरवरच संपते. माझे क्षेत्रकार्य पेण तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर होते. मुंबईहून पेणपर्यंत एसटी आणि पुढे मिनीडोर रिक्षा, एवढा प्रवास स्वस्त आहे. महाग पडतो तो तेथे राहण्याचा, भाषकांच्या वेळेचा आणि पुन:पुन्हा जाण्याचा खर्च.

पुन:पुन्हा जाणे का लागते, याचे कारण कातकऱ्यांच्या वर्षात आहे. दिवाळीनंतर बहुतेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसापाडीच्या कामाला निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे वाडीत माणसे असतात ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली केलेले ध्वनिमुद्रण स्वनिम (अर्थभेद करणारे ध्वनी) ऐकण्याच्या कामाचे राहत नाही. आषाढ-श्रावणात लावणीची मजुरी असते. हाती उरतो तो भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतचा काळ. उलट संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि खर्च दाखवण्याची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, जेव्हा वाडीत म्हातारी माणसे आणि कोंबड्या एवढेच मागे राहिलेले असतात. निधी शोधताना मी सर्वांत आधी हे पाहू लागले की, पैसे कोणत्या महिन्यात येणार आणि ते कधीपर्यंत खर्च करायचे. अनेक माहितीपत्रकांत रक्कम ठळक असते आणि ही ओळ शेवटच्या पानावर सापडते.

धोक्यात असलेल्या भाषांच्या नोंदीसाठी पैसे देणाऱ्या संस्थांमध्ये सर्वांत परिचित म्हणजे एन्डेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्राम. आर्केडिया या निधीच्या आधारावर तो २००२ साली लंडनच्या सोआस या विद्यापीठीय संस्थेत सुरू झाला आणि २०२१ पासून बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीत आहे. छोट्या अनुदानापासून पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीपर्यंत त्याचे प्रकार आहेत आणि जमवलेली सामग्री त्यांच्या अभिलेखागारात सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. अमेरिकेतला एन्डेंजर्ड लँग्वेज फंड आणि ब्रिटनमधले फाउंडेशन फॉर एन्डेंजर्ड लँग्वेजेस, दोन्ही १९९६ सालचे, लहान रकमा देतात. विद्यार्थ्याला त्या पुरेशा उपयोगी पडतात, कारण अर्जही त्या मानाने आटोपशीर असतात. भारत सरकारची २०१३ पासूनची, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे असलेली योजना दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांसाठी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या निहालीसारख्या भाषेला ती लागू पडते, कातकरीला पडत नाही.

येथेच मला अर्जाचा सर्वांत अवघड परिच्छेद लिहावा लागला. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक असली, तरी तिची लोकसंख्या लाखांत आहे. मग बोली धोक्यात कशी, असा प्रश्न परीक्षक विचारणारच. त्याचे उत्तर जनगणनेच्या आकड्यांत नाही. ते द्यायला घरागणिक कोण कोणाशी काय बोलते याची पाहणी लागते: आजी-आजोबा आपसात काय बोलतात, आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते, आश्रमशाळेतून सुट्टीत आलेली मुलगी धाकट्या भावाशी काय बोलते. ही छोटी पाहणी मी अर्जाआधीच, स्वखर्चाने केली आणि अर्जात तिचा तक्ता जोडला. शिवाय आधी झालेल्या कामानंतर नेमके काय उरते, हेही दाखवावे लागते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातला मराठीवरचा खंड १९०५ चा. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. माझ्या कामाची जागा या दोहोंच्या पलीकडे, सलग संभाषणांच्या आणि गोष्टींच्या मुद्रणात होती, आणि ते एका वाक्यात सांगता येईपर्यंत मी अर्ज पाठवला नाही.

अंदाजपत्रक ही केवळ शेवटची जोडपत्रिका आहे असे आम्ही समजतो. मला वाटते परीक्षक ते आधी वाचत असावेत. भाषकांच्या मानधनाचा दर मी स्थानिक शेतमजुरीवरून काढला आणि तसे लिहिले. कारण जो माणूस भट्टीमालकाकडून उचल घेऊन बसला आहे, त्याचा दिवस मोडायचा तर त्याची भरपाई त्याच हिशेबाने व्हायला हवी. आणि दर फार वर ठेवला तर वाडीत कोणाला बोलावले आणि कोणाला नाही यावरून भांडणे लागतात. मुद्रणाच्या एका तासामागे लिप्यंतरणाचे आणि भाषांतराचे कित्येक तास लागतात, ते काम वाडीतल्याच बारावी झालेल्या एका मुलाला शिकवून द्यायचे ठरवले आणि त्याचे मानधन स्वतंत्र दाखवले. हा मुद्दा निवड समितीला भावला, असे नंतरच्या पत्रावरून कळले.

एका लहान परदेशी निधीने अनुदान मंजूर केल्यावर ते घ्यायचे कसे, हा वेगळाच अध्याय सुरू झाला. परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात येणार असेल, तर परकीय अंशदान (विनियमन) कायदा, २०१० पाहावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून ओळखीच्या स्वयंसेवी संस्थेमार्फत पैसे घेण्याची जुनी सोय आता उरलेली नाही. त्यात मी जेआरएफधारक असल्याने हे दुसरे वेतन नसून कामाच्या खर्चापुरतेच अनुदान आहे, असे मार्गदर्शकांचे पत्र आणि दात्याचा खुलासा दोन्ही लागले. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असताना श्रावण उलटला. ज्यांना परदेशी निधी हवा आहे त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच लेखा विभागात जाऊन “हा पैसा आपण घेऊ शकतो का?” एवढे विचारून घ्यावे.

खर्चाचा हिशेब देताना तीन कोटेशन, पक्के बिल आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद, हे यंत्रांपुरते ठीक चालते. मिनीडोरवाला मात्र पावती देत नाही आणि वाडीत मानधन घेणाऱ्या बहुतेकांना सही येत नाही. मी छापील व्हाउचर केले, त्यावर तारीख, वेळ, किती तास आणि किती रुपये हे मराठीत लिहून मोठ्याने वाचून दाखवायचे, मग अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार म्हणून अंगणवाडी सेविकेची सही. शाईचे पॅड मी पिशवीतून काढले की, “आधी पैसे, मग अंगठा,” असे एक आजी मला प्रत्येक वेळी बजावत. कागदावर अंगठा देऊन उचलीत अडकलेल्यांच्या घरात ही सावधगिरी रास्तच होती. व्हाउचरची पद्धत लेखापरीक्षकांनी मान्य केली, पण ती मान्य आहे असे आधी लेखी घेतले होते म्हणून.

परदेशी पीएच.डी.चा विचार मीही केला होता. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रवेशासोबत शुल्कमाफी आणि अध्यापन-साहाय्याचे विद्यावेतन मिळते. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधरांसाठीची फेलोशिप मात्र नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच आहे, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये. एम.ए.साठी बाहेर जाणाऱ्यांना मुंबईतच दारे आहेत: १८९२ सालापासूनची जे. एन. टाटा एंडोमेंट, जी कर्जरूप शिष्यवृत्ती देते, आणि इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, परंतु २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळले गेले. भारतीय भाषांवर काम करू पाहणाऱ्याला ही अट जाचक आहे, आणि तिचे समर्थन मला कोठे सापडलेले नाही.

भारतात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप ६ ते ९ महिन्यांची असते. सध्या मी तिच्या अर्जात गुंतले आहे. तिकडच्या प्राध्यापकांचे निमंत्रणपत्र आले आहे. त्या काळात इकडची फेलोशिप थांबवायची की रजा घ्यायची, याचा खुलासा संस्थेकडे लेखी मागितला असून एसआरएफच्या मूल्यमापनाची बैठकही त्याच सुमारास लागणार असल्याने दोन्ही कागद एकाच फाइलीत घातले आहेत.