जेजुरीपर्यंत जाते म्हटलं

बाबांच्या एकोणीस वाऱ्या झाल्या होत्या. विसावी २०२० ची, आणि त्याच वर्षी माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बाबा टीव्हीसमोर बसून बघत होते, टाळ मांडीवर. पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ते गेले, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, लांबून एक गुंडाळलेली बॉडी दाखवली बस्स. त्यानंतर वर्षभर मी देवापुढे हात जोडले नाहीत.

२०२२ ला वारी परत सुरू झाली तेव्हा दिंडीतल्या काकांचा फोन आला, बाबांची जागा मोकळीय, येतेस का. मी म्हटलं पुणे ते सासवड येते, तिथून एसटीने परत.

२४ जून. एकादशी, त्यामुळे पोटात दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू, तीसेक किलोमीटरची चाल आणि मधे दिवे घाट. घाट फोटोत कसला भारी दिसतो, पण टाचेला फोड आल्यावर सगळं सौंदर्य संपतं हे कोणी सांगत नाही. शेजारी परभणीकडच्या एक मावशी, डोक्यावर तुळस. त्यांचा मुलगा गेलेला, "कर्जापायी" एवढंच बोलल्या. मी जरा चिडूनच विचारलं, एवढं होऊनही विठ्ठलाकडे कशाला जाताय?

"भांडाया. घरी कुनासंग भांडू? समदेच रडून बसलेत." आणि लगेच, "तुझ्या चपलेचा पट्टा बघ, तुटायलाय."

पुढे काका म्हणाले, अगं १६३० च्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली, पोरगंही गेलं, ते काय खूश होते होय देवावर? हे सगळं शाळेत वाचलेलं होतं मी, पण मार्कांसाठी. तेव्हा एका घरातलं माणूस भुकेनं मेलंय असं काही डोक्यात आलंच नव्हतं.

सासवडला संध्याकाळी समाजआरती. हजारो टाळ एकदम वाजतायत, कानठळ्या बसतायत, आणि चोपदारांनी दंड वर केला की क्षणात सगळं गप्प!! मग हरवलं-सापडलंची यादी. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. मी बाबांचे टाळ घट्ट धरून उभी, रडत होते की हसत होते काय माहीत, आजूबाजूला कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही, ते फार बरं वाटलं.

रात्री तंबूत मावशींनी माझ्या फोडातून सुईने दोरा ओवला, पाणी निघून जातं म्हणे. मी ओरडले तर म्हणाल्या, "वरड की, कोन नको म्हनतंय?"

सासवडला दुसऱ्या दिवशीही मुक्काम असतो. तेवढ्यात ऑफिसला मेसेज टाकला, जेजुरीपर्यंत जातेय. जेजुरीत गेल्यावर पुढच्या मुक्कामाचा, वाल्ह्याचा टाकला.