रिव्हॉल्व्हर की पिस्तूल: आमचा निर्णय कसा झाला

घरात शस्त्र ठेवायचं की नाही, यावर आमच्या दोघांचं बोलणं बरीच वर्षं चालू होतं. दारं मजबूत केली, कुलपं बदलली, बाहेर दिवे लावले, अलार्म बसवला आणि मगच त्या विषयाकडे वळलो. घरात लहान मुलं असतील, कोणी दारूच्या आहारी गेलेलं असेल किंवा मनाने खचलेलं असेल, तर त्या घरात बंदूक येऊच नये असं माझं ठाम मत आहे. बंदूक हाताशी असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसून आलं आहे. आमच्या घरात आम्ही दोघंच, त्यामुळे तो विचार करून झाल्यावर परवान्यासाठी अर्ज केला आणि प्रशिक्षणाला जाऊ लागलो. खरा प्रश्न तिथे उभा राहिला: घ्यायचं काय?

यांचं आधीपासून ठरलेलं होतं, पिस्तूल. ग्लॉक १७ सारख्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत) १७ काडतुसं मावतात, बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये पाच किंवा सहा. शिवाय बहुतेक सैन्यांनी आणि पोलिसांनी रिव्हॉल्व्हर केव्हाच मागे टाकलं, मग आपण का धरून बसायचं, असा यांचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नव्हता. पण पोलिस ते शस्त्र रोज अंगावर वागवतात आणि त्यांचा सराव नोकरीचा भाग असतो. आमचं शस्त्र महिनोन्‌महिने पेटीत पडून राहणार होतं.

माझा प्रश्न हातांचा होता. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे. घट्ट बसलेलं झाकण मला उघडत नाही. हे ऐकलं की जो तो एकच सल्ला देई: बाईमाणसाला रिव्हॉल्व्हरच बरं, सोपं असतं. का सोपं, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं की रेंजवर दोन्ही चालवून बघायची आणि दोघांच्याही हाताला जमेल तेच घ्यायचं. रात्री दुसरा घरात नसेल तर तिसरं कोणी येणार नाही.

सुरुवात पिस्तुलाने झाली. पिस्तुलाच्या वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. ती पूर्ण मागे ओढून सोडली की मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. मी चिमटीत धरून ओढायला गेले आणि ती निम्म्यातच अडली. प्रशिक्षक म्हणाले, "ताई, बोटांनी ओढू नका. पिस्तूल छातीजवळ घ्या, तोंड समोरच राहू द्या. डाव्या हाताच्या पूर्ण पंजाने स्लाइड वरून धरा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला." तसं केलं आणि स्लाइड सरकली. जोर खांद्यातून आणि दंडातून येत होता, अंगठ्याला काही काम उरलंच नव्हतं. ज्यांना स्लाइड ओढता येत नाही म्हणून पिस्तूल बाद करावंसं वाटतं, त्यांनी आधी ही पद्धत कोणाकडून तरी नीट शिकून घ्यावी.

अंगठा दुखला तो मॅगझिन भरताना. पहिली काडतुसं सहज जातात, पण जसजसं मॅगझिन भरत येतं तसतशी आतली स्प्रिंग वर रेटते आणि शेवटची दोन-तीन दाबून बसवायला अंगठ्याचाच जोर लागतो. त्यासाठी लोडर नावाचं एक छोटं साधन मिळतं, त्याने काम हलकं होतं.

मग रिव्हॉल्व्हर. इथे स्लाइड नाही, मॅगझिन नाही. चाप ओढत गेलं की सिलिंडर, म्हणजे काडतुसांची भोकं असलेला गोल भाग, फिरून पुढचं काडतूस नळीसमोर येतं, घोडा मागे जातो आणि सुटतो. हे सगळं काम एका बोटाने करायचं, त्यामुळे चाप जड असतो. साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, तर स्ट्रायकर पद्धतीच्या, म्हणजे बाहेर घोडा नसलेल्या, पिस्तुलाला अडीच किलोच्या आसपास पुरतो. माझ्या पहिल्या गोळ्या टार्गेटच्या खालच्या कोपऱ्यात गेल्या, कारण जोर लावताना सगळा पंजाच आवळला जाई आणि माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) खाली झुके. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप एकदम हलका होतो, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात इतका हलका चाप असणं धोक्याचं, म्हणून आम्हाला ती सवय लावूच दिली नाही.

म्हणजे 'सोपं' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पिस्तुलाला दोन्ही हातांचा मोठा जोर लागतो, पण सुरुवातीला एकदाच. रिव्हॉल्व्हरला एका बोटाचा जोर लागतो, पण प्रत्येक गोळीला. ज्याची मनगटं आणि दंड बरे आहेत पण तर्जनी दुखते, त्याला रिव्हॉल्व्हर सोपं कसं पडेल? माझी तर्जनी चांगली होती, म्हणून माझा चाप सरावाने सुधारला. दुसऱ्या कोणाचं नेमकं उलट होईल.

नुसत्या जोरावर ठरवायचं असतं तर दोन्ही जमत होती. निर्णय फिरला तो शस्त्र अडकल्यावर. पिस्तुलाची स्लाइड पूर्ण मागे जायला मनगट घट्ट लागतं. तासाभराने माझी पकड सैल पडू लागली आणि एक रिकामं टरफल बाहेर पडता पडता स्लाइडच्या फटीत उभं अडकलं. ते सोडवणं अवघड नाही: मॅगझिनच्या बुडावर थाप मारायची, स्लाइड जोरात ओढून सोडायची. पण दोन काडतुसं एकदम आत घुसली तर स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन खेचून काढा, स्लाइड दोन-तीनदा ओढा, मॅगझिन परत घाला, पुन्हा ओढा. प्रशिक्षकांनी मुद्दाम डमी काडतुसं घालून हे घडवून आणलं. भर उजेडात, कोणी घाई करत नसतानाही अडकलेलं मॅगझिन खेचताना माझ्या अंगठ्याने मला थांबवलं. यांना जमलं, पण पायऱ्यांचा क्रम आठवत आठवत.

रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. (हे जिवावर बेतलं असतानाचं. रेंजवर फुसकं निघालं तर तोंड टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी काडतूस उशिरा उडतं.) पण रिव्हॉल्व्हर अडकतच नाही, हे मात्र खरं नाही. टरफलं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीसारख्या भागाखाली न जळलेल्या दारूचे कण बसले तर सिलिंडर फिरायला जड होतं किंवा बंदच होत नाही. आणि ते खरोखर अडकलं की हातातल्या हातात सुटत नाही, टेबलावर अवजारं घेऊनच बसावं लागतं. क्वचित घडणारी मोठी अडचण आणि अधूनमधून येणारी सोडवण्याजोगी अडचण यांत निवड करायची होती. आमच्या सरावाचा वेग बघता मी पहिली पत्करली.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने याहून मोठं होतं. पिस्तुलातून मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं, आणि बऱ्याच पिस्तुलांमधून ते मॅगझिनशिवायही उडतं. 'मॅगझिन काढलंय, रिकामंच आहे' या समजुतीने माणसं दगावली आहेत. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडलं की भरलेलं किती, रिकामं किती ते एका नजरेत कळतं. अंधारातसुद्धा चेंबरांच्या कडेवरून बोट फिरवलं की पितळी बूड लागतं किंवा नुसती पोकळी लागते. मी डोळे मिटून हे करून पाहिलं, मग यांनी करून पाहिलं. "एवढं मात्र खरं आहे हं," हे म्हणाले, आणि तिथून यांचा पिस्तुलाचा आग्रह सैल पडला.

आता काडतुसांच्या संख्येबद्दल. आमची योजना घरभर कोणाला शोधत फिरण्याची नाहीच. आवाज आला तर दोघांनी एका खोलीत यायचं, दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा आणि आतून मोठ्याने सांगायचं की पोलिस निघाले आहेत. शस्त्र त्या दारापलीकडे न्यायचं नाही. या योजनेत सहा काडतुसं मला कमी वाटली नाहीत. ज्याचं घर मोठं आहे, ज्याला दुसऱ्या खोलीतून आईवडिलांना आणावं लागणार आहे, त्याने पिस्तूल निवडलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

घेतलं ते पूर्ण पोलादी, चार इंची नळीचं. दुकानात बायकांना हमखास दाखवतात ते छोटं, हलकं, दोन इंची नळीचं मी हातात घेऊन परत ठेवलं. वजन कमी तितका धक्का जास्त, आणि ते पेटीतच राहणार असेल तर हलकेपणाचा उपयोग काय? कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, निवडण्याची मोकळीक सगळीकडे सारखी नसते, तिथला कायदा ठरवतो. आमचं .३५७ मॅग्नमचं आहे, पण त्यात आम्ही .३८ स्पेशलच वापरतो. .३८ स्पेशल १८९८ पासूनचं काडतूस, आणि .३५७ हे त्याचंच लांबवलेलं, अधिक दाबाचं रूप, म्हणून लहान काडतूस मोठ्या शस्त्रात चालतं. उलट कधीही करायचं नाही. बंद खोलीत मॅग्नमचा आवाज आणि झोत दोन्ही फार वाईट. तसा जवळजवळ कोणत्याही बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका गोळीनेही कानाला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे पेटीत कानावर लावायचे मफही ठेवले आहेत.

पिस्तुलावरून रिव्हॉल्व्हरवर येणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून शिकावी. पिस्तूल धरताना दोन्ही अंगठे पुढे रोखायची सवय लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो, तिथे अंगठा आला तर भाजतो, फाटतो. यांची ती सवय मोडायला बराच वेळ गेला.

शस्त्र भिंतीला बोल्टने जखडलेल्या पेटीत असतं. बटणं दाबून उघडणारी ही पेटी आम्हा दोघांनाच उघडता येते. पाहुण्यांबरोबर मुलं येणार असली की काडतुसं काढून वेगळ्या कुलपात जातात, मग ती मुलं कितीही शहाणी असोत. आठवड्यातून एकदा बिनगोळीचा सराव होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडर दोघांनी तपासायचं, मग माशीवर नाणं ठेवून ते पडू न देता चाप ओढायचा. माझं नाणं आता बहुतेक वेळा टिकतं. यांचं अजून पडतं, कारण यांना चाप एका झटक्यात ओढायची घाई असते. स्पीडलोडरने सहाही काडतुसं एकदम भरायला आम्ही दोघंही अजून हळू आहोत, सध्या त्यावरच मेहनत चालली आहे.