वस्तऱ्याचा पट्टा: दुसरा महिना

दाढीआधी वस्तऱ्याची धार ज्यावर घासून नीट करतो, त्या टांगत्या चामड्याच्या दोन इंची पट्ट्यावर आता तीन काप आहेत. तिन्ही वरच्या टोकाला, जिथे पातं उलटवतो तिथे. मी पातं धारेवरून उलटवत होतो. ते पाठीवरून लोळवायचं असतं, पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या सलूनवाल्या काकांना दाखवलं. त्यांच्याकडेही आता अर्ध्या ब्लेडचा उस्तराच चालतो, पण हात जुना आहे. माझ्या चार फेऱ्या बघून म्हणाले, "काहून एवढा दाबून राहिला बाप्पा? पट्टा पाहा, झोळीसारखा लोंबून राहिला." पट्टा सैल असला की चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. म्हणजे रोज सकाळी मीच धार मारत होतो, आणि शिव्या निसण्याला, म्हणजे धार लावायच्या दगडाला.

घोड्याच्या कातड्याचे परदेशी पट्टे पाहिले, किंमत पाहिली, गप्प बसलो. इतवारीतून म्हशीच्या चामड्याची तीन इंच रुंद पट्टी कापून आणली. पातंही तीन इंचीच, त्यामुळे सरळ ओढता येतं. अरुंद पट्ट्यावर दर फेरीला तिरपं न्यावं लागतं, ते मला अजून साधत नाही. चामडं झाडसालीवर कमावलेलं, वरून रंग-पॉलिश नसलेलं हवं होतं. "कोल्हापुरी चपलेला लागतं तसं" म्हटल्यावर दुकानदाराला लगेच समजलं. टांगायच्या भानगडीत न पडता रंधा मारलेल्या सागाच्या फळीवर चिकटवलं, गुळगुळीत बाजू वर. फळी काही लोंबत नाही!

सध्या दाढीआधी जुन्या सुती नवारीवर २० फेऱ्या, मग चामड्यावर ५०. पाठ पुढे, धार मागे, वजन पात्याचंच. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट वेगळ्या फळीवर. ती धातू खरवडते, रोजच्या पट्ट्यावर तिचं काम नाही, आणि एकदा चामड्यात मुरली की निघत नाही.

एक नागपुरी अडचण. कूलरच्या खोलीत वस्तरा राहिला आणि दोन दिवसांत पाठीवर तांबूस ठिपके. कार्बन स्टीलच ते. आता पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवतो. पट्ट्यावर घेण्याआधी तेल पुसायला मात्र विसरायचं नाही. मी एकदा विसरलो, फळीवर डाग आहे.

कालची दाढी: गालांवर मस्त, हनुवटीखाली अजून ओढतोच.