अठरानंतर : भावाची फाईल घेऊन फिरताना

"येतंय की. सगळं येतंय त्याला," आई म्हणाली.

टेबलापलीकडं मानसशास्त्रज्ञ मॅडम, अलीकडं आई आणि मी, मधे माझा धाकटा भाऊ. वय 24. त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी तपासणी चालली होती. मॅडमचे प्रश्न साधे होते. अंघोळ स्वतःची स्वतः करतो का, शर्टाच्या गुंड्या लावतो का, एकटा दुकानात जाऊन सामान आणतो का, शंभराच्या नोटेतून किती परत घ्यायचे ते कळतं का. आईचं प्रत्येकाला हो. इतकी वर्षं पाहुण्यारावळ्यांसमोर हेच सांगत आलेली, जिभेला तीच सवय. मी तिचा पदर ओढला. "माय, हे काय सोयरीक बघायला आलेत का? खरं सांग." ती जरा वेळ गप्प बसली. मग खाली बघत म्हणाली, "गुंड्या मीच लावते."

मला वाटतं आमचं खरं काम त्या वाक्यापासून सुरू झालं. बुद्ध्यांकाच्या जोडीला ही सामाजिक परिपक्वतेची चाचणी असते, व्हाइनलँडची म्हणतात. ती घरच्यांना विचारून भरतात, म्हणजे घरचे सांगतील तसे गुण. त्यावरून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते: सीमारेषेवर बसला तर 25 टक्के, सौम्य असेल तर 50, मध्यम 75. आणि बहुतेक योजना 40 टक्क्यांपासून सुरू होतात. आईनं अब्रू सांभाळत सगळ्याला हो म्हटलं असतं तर नुकसान भावाचंच होतं. त्याला 75 टक्के मिळाले.

त्या खोलीपर्यंत पोचायला मात्र तीन खेपा झाल्या. दाखला देणारा डॉक्टरांचा बोर्ड ठरलेल्या वारीच बसतो. एकदा मॅडम रजेवर. एकदा शाळेच्या दाखल्यावर घरातलं लाडाचं नाव आणि आधारवर पाळण्यातलं, म्हणून परत. खेप म्हणजे आईचा रोज बुडाला, माझा बुडाला, वर एसटीचं भाडं. पुढं ऑनलाइन अर्जातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, आलं, पिवळ्या पट्टीचं. पट्टी पांढरी असेल तर 40 च्या आत, निळी असेल तर 80 च्या पुढं. जुन्या कागदी दाखल्यावर 'मतिमंद' होतं, आता 'बौद्धिक अक्षमता' लिहितात. गावात अजून पहिलाच शब्द चालतो, आणि त्याहून वाईट दोन-तीन.

फाईल वडिलांची. खताच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. भाऊ सहा वर्षांचा असताना ते त्याला रात्रीच्या गाडीनं सिकंदराबादला घेऊन गेले होते. आपल्याकडं पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादची वाट जास्त पायाखालची. तिथल्या बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं नाव आता लांबलचक झालंय, पण जुनी माणसं अजून एनआयएमएचच म्हणतात. तिथला तपासणीचा कागद इतक्या वर्षांनी बोर्डासमोर कामाला आला.

लहान लेकराच्या आईबापांना आज इतकं हिंडावं लागू नये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक येतं. वाढीत उशीर दिसला की ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे अशा लेकरांची लवकर तपासणी आणि उपचार करतात तिथं, पाठवतात. वयाची अट 18 पर्यंत, पैसे लागत नाहीत. 2016 च्या कायद्यानं शिक्षणही 18 पर्यंत मोफत. अठरा झाले की मात्र लेकरू घरी येतं आणि ओट्यावर बसतं. आमचा सहा वर्षं बसला.

संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000. आधी महिन्याला दीड हजार होते, आता अडीच हजार. निरामय हा दिव्यांगांचा आरोग्य विमा एक लाखाचा, आधी कसली तपासणी नाही, दवाखान्यात भरती न होता घेतलेले उपचारही त्यात बसतात. त्याला फिट येतात, गोळ्या कायमच्या, म्हणून हा विमा आम्हाला जास्त मोलाचा. पावत्या जपून ठेवायच्या, पैसे मागाहून मिळतात.

अडकलं बँकेत. खातं काढायला गेलो तर काउंटरवरचे म्हणाले, "सही कोण करणार?" भाऊ म्हणाला, "मी." आणि पासबुकाच्या कागदावर एक गोल काढला. अठरा पूर्ण झाले की आईसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाही, हे मला त्या काउंटरवर कळलं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. ती पालक नेमते. कोर्ट नाही, वकील नाही. तिनं दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी मानावं, असं रिझर्व्ह बँकेनंही कळवलेलं आहे.

पालक कोण व्हायचं? आई म्हणाली, "मी किती दिवसाची? तूच हो." माझं लग्न झालेलं, सासर चाळीस किलोमीटरवर. अर्ज दिला त्याच आठवड्यात पारावर चर्चा, भावाचं रान लाटायला निघाली. सख्खे चुलते सातबारा बघून आले. मला राग आला, रडूही आलं, खोटं कशाला बोलू. पण मग कायद्याचा कागद नीट वाचला. पालकानं सहा महिन्यांत भावाच्या नावच्या मिळकतीची यादी समितीला द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. हयगय केली तर पालकपण काढून घेता येतं. ती यादी मी चुलत्यांसमोर बसून भरली. सव्वा एकर, एक विहिरीचा हिस्सा, एक शेळी. शेळी लिहायची गरज नव्हती, पण भाऊ म्हणाला ती माझी आहे.

एवढे कागद झाले तरी सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत त्यानं काय करायचं, हे कुठल्याच कागदात नव्हतं. प्रौढांसाठी कार्यशाळा आहेत, पण आमच्यापासून जवळची म्हणजे दोन एसटी बदलून. आठ दिवस नेलं, नवव्या दिवशी तो बसमधून उतरेचना. वेगळाच मार्ग निघाला. मोंढ्यातल्या एका आडत्याला मी सहज विचारलं, भावाला कामाला घेता का. भावाला रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालायला फार आवडतं. काठाला काठ लावतो, तोंडं एका दिशेला, वीस झाली की सुतळी. वीस मोजता येत नाहीत, पण थर गुडघ्याला लागला की बांधतो, आणि मी मोजलंय, एकोणीस किंवा एकवीस भरतात.

आडतीवर तो सोमवारी आणि शुक्रवारी जातो. सोयाबीनच्या दिवसांत गाड्यांची गर्दी असते तेव्हा मालक घरी पाठवतो, मग दिवसभर धुसफूस. रोजचे तीस रुपये देतात, ते तो लगेच चहाला उडवतो, आणि चहा सगळ्या हमालांना पाजतो. येत्या मार्चनंतर मला जमाखर्च द्यायचाय. हे तीस रुपये कुठल्या रकान्यात लिहायचे, ते अजून विचारलेलं नाही.