भाव संध्याकाळी येतो, टेम्पो पहाटे

गेल्या आठवड्यात दुकानात गर्दी असताना एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "बाये, तांतयां इतलीं म्हारग? तुमकां जाय तसो दर लायतात." म्हणजे, अंडी इतकी महाग? तुम्ही हवा तसा दर लावता. मागे चार माणसं उभी होती, सुट्ट्या पैशांची घाई होती. मी काही बोलले नाही, डझनभर अंडी बांधून दिली. रात्री हिशेबाची वही उघडली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. एकोणतीस वर्षं गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात अंडी विकतेय, पण दर कोण लावतं हे मी गिऱ्हाइकाला कधी नीट सांगितलेलंच नाही. म्हणून आज लिहायला बसले.

दर मी लावत नाही. रोज संध्याकाळी बेळगावच्या व्यापाऱ्याचा मेसेज येतो. त्यात कर्नाटकातल्या होस्पेटच्या शंभर अंड्यांचा भाव असतो, नुसता आकडा. हा भाव जाहीर करते एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. तामिळनाडूतल्या नामक्कलचा वेगळा, होस्पेटचा वेगळा, पुण्याचा आणि मुंबईचा वेगळा. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही जाहिरात त्यांचीच. व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या डॉ. बी. व्ही. राव यांनी पुढाकार घेऊन १९८२ साली ही समिती उभी केली. त्याआधी भाव शहरातले दलाल ठरवायचे आणि कोंबड्या पाळणाऱ्याच्या हाती खाद्याचा खर्चसुद्धा पडायचा नाही. अर्थात हा भाव सुचवलेला असतो, त्याला कायद्याचं बंधन नाही. माल तुंबला की व्यवहार त्याच्या खाली होतात, टंचाई असली की वर.

हा आकडा रोज का हलतो, असं मला पुष्कळजण विचारतात. गिऱ्हाईक असो नसो, कोंबडी अंडं घालतेच. घातलेलं अंडं ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार? आणि भाव चढला म्हणून आज पिल्लं टाकली, तर ती अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. भाव पडला की शेतकरी म्हाताऱ्या कोंबड्या लवकर काढून विकतो, मग काही आठवड्यांनी माल कमी पडतो आणि आकडा पुन्हा वर जातो. वर खाद्याचं आहेच. मका आणि सोयाबीन हेच मुख्य. २०२१ साली सोयापेंड इतकी भडकली की सरकारला ती बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. आता मका इथेनॉलकडेही जातो, त्यामुळे तोही पूर्वीसारखा स्वस्त राहिलेला नाही.

आता हा आकडा घाट कसा उतरतो ते सांगते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, मग केरी आणि साखळी. टेम्पो पहाटे साडेचार-पाचला दुकानासमोर लागतो. एका पेटीत सात ट्रे, ट्रेमध्ये तीस, म्हणजे २१० अंडी. पेटी उतरवली की आमचा मुलगा प्रत्येक ट्रे टॉर्चवर धरून बघतो. मला टॉर्च लागत नाही. मी दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर अलगद टेकवते. धड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, काचेच्या गोटीसारखा. केसाएवढी चीर गेलेली असेल तर आवाज बसका येतो. डोळ्याला ती चीर दिसत नाही, कानाला कळते. हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या कंदिलाच्या उजेडात अंडी निवडायच्या, आणि त्यांच्या हातून तडकलेलं अंडं गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

तडकलेली अंडी मी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवते. ती संध्याकाळच्या आत गाडेवाल्यांकडे कमी दराने जातात, रोस ऑम्लेटच्या, म्हणजे वर रस्सा घातलेल्या ऑम्लेटच्या, तव्यावर त्याच दिवशी संपतात. गळायला लागलेली मात्र टाकायचीच. त्यात मी तडजोड करत नाही.

हिशेब साधा आहे. समजा अंडं मला दुकानात पोचतं ५ रुपये ८० पैशांना आणि मी गाडेवाल्याला देते ६ रुपये १० पैशांना. अंड्यामागे तीस पैसे, २१० अंड्यांच्या पेटीमागे ६३ रुपये. त्यात पाच अंडी पूर्ण फुटली तर विकायला उरतात २०५. त्यांचे होतात १२५० रुपये ५० पैसे, आणि पेटीला मी मोजलेले असतात १२१८. राहिले साडेबत्तीस. पाच अंड्यांनी अर्धा नफा खाल्ला. या साडेबत्तीसमधून पोरांचा पगार, विजेचं बिल, गाड्यांवर माल पोचवायचं पेट्रोल. घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून थोडं जास्त सुटतं, पण तिथे पाव डझन, अर्धा डझन, कागदात बांधणं, उधारी असं सगळं असतं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की तुम्ही मनाला येईल तो दर लावता, तेव्हा मला वाईट वाटतं. माझ्या हातात दर नाही. माझ्या हातात फुटतूट आहे, आणि तीही घाटात गेल्यावर ड्रायव्हरच्या हातात.

पावसाळ्यात तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. ताटात मासळी नसली की गोंयकाराला अंडं आणि चिकन आठवतं, म्हणजे आमची मागणी नेमकी तेव्हाच वाढते जेव्हा चोर्लाचा रस्ता सगळ्यात वाईट असतो. एका जुलैत कणकुंबीच्या पुढे झाड आडवं पडलं. टेम्पो रात्री अडीचला तिथे पोचला आणि सकाळी नऊपर्यंत तिथेच उभा राहिला. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली होती. पुठ्ठ्याच्या ट्रेला पाणी लागलं की तो लापशीसारखा मऊ होतो आणि वरच्या थराचं वजन खालच्या थरावर येतं. दहाला टेम्पो आला तेव्हा मागच्या फळीतून बलक ओघळत होता. बावीस पेट्यांपैकी चार पेट्यांत हात घालवेना. त्या दिवशी मी आणि मुलाने दुपारपर्यंत एकेक अंडं कोरड्या फडक्याने पुसलं. पाण्याने धुतलं नाही, कारण कवचावरचा नैसर्गिक थर निघून गेला की अंडं लवकर खराब होतं. ड्रायव्हर बिचारा पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याला चहा आणि पोई, म्हणजे आमच्याकडचा पाव, दिली. त्याचा काय दोष?

चिकनचं गणित माझ्या दिराचं, त्याचं दुकान शेजारीच. थोडक्यात सांगते, कारण लोक इथेही फसगत समजतात. वर्तमानपत्रात जिवंत कोंबडीचा भाव वाचतात आणि दुकानातला मांसाचा भाव ऐकून भांडतात. दोन किलोच्या ब्रॉयलरमधून पिसं, कातडी, आतडी काढून हातात साधारण एक किलो तीनशे-चारशे ग्रॅम येतं. शिवाय रात्रभर खुराड्यात प्रवास केला की पाखराचं वजन घटतं, उन्हाळ्यात काही मरतातही. ही सगळी तूट शेवटच्या माणसाच्या तराजूत उतरते. बेळगावकडचे बरेच शेतकरी कंपनीच्या करारावर पाखरं वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज, मेहनत शेतकऱ्याची. सुमारे चाळीस दिवसांत पाखरू दोन किलोचं होतं आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते.

अफवेचा फटका मात्र सगळ्यांना बसतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा इथे साखळीत कुणी अंड्याकडे बघेना. २०२० च्या मार्चच्या आधी कोरोना चिकनमुळे होतो असं मोबाईलवर फिरलं आणि दिराने चार दिवस दुकान उघडलंच नाही. पलीकडे कर्नाटकात तर लोकांनी जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली. २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या बर्ड फ्लूची बातमी आली आणि पुन्हा तेच. मी दुकानाबाहेर हाताने लिहून पाटी लावली की नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून हा रोग होत नाही, ७० अंशाला विषाणू मरतो. पाटी वाचून किती गिऱ्हाइकं परत आली ते मी मोजलं नाही, पण मला ती लावावीशी वाटली.

एकदा मीही चुकले. श्रावणात आमच्याकडची हिंदू घरं चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, शाकाहारी, त्यामुळे भाव घसरतो. एका वर्षी एका व्यापाऱ्याने जाहीर भावापेक्षा बराच खाली माल देऊ केला. चवथ आटोपली की मागणी उसळणार हे मला माहीत होतं, मी चाळीस पेट्या घेतल्या. ट्रे बघितले, चिरा नव्हत्या, आवाज स्वच्छ. पण फोडून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई वाटीत अंडं घेऊन आल्या. पांढरं पाण्यासारखं पसरलेलं, बलक चपटा. मी लगेच बादलीत पाणी घेतलं आणि प्रत्येक पेटीतलं एकेक अंडं सोडलं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. ही उभी राहिली, दोन-तीन तर तरंगली. कवचाच्या छिद्रांतून पाणी उडून आतली हवेची पोकळी वाढते, म्हणजे तो माल किती दिवस कुठे पडून होता कुणास ठाऊक. व्यापाऱ्याने हात वर केले. ज्यांना ज्यांना ती अंडी दिली होती त्यांचे पैसे मी परत केले, आठवत होते तेवढ्यांच्या घरी मुलाला पाठवलं. तेव्हापासून कितीही स्वस्त माल असला तरी बादली आधी, पैसे नंतर.

मग गोव्यातच अंडी का होत नाहीत, असं विचारतात. हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर मी स्वतः वजनकाट्यावर शोधलंय. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते आणि देते ते अंडं असतं पंचावन्न ग्रॅमचं. मका आणि सोयाबीन आपल्याकडे पिकत नाही, ते त्याच घाटाने आणायचं. म्हणजे एक टन अंडी आणण्याऐवजी दोन टन खाद्य आणायचं. त्यात गोव्याच्या जमिनीचा भाव आणि इथली दमट हवा धरली की मोठी शेड इथे परवडत नाही. सरकारने काहीतरी करावं असं नुसतं म्हणून हे गणित बदलणार नाही.

परसातली कोंबडी मात्र निराळी. तिला ताटातलं उरलेलं, भातातला कोंडा, अंगणातले किडे चालतात. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे परसातल्या कोंबड्यांवर काम चालतं. हैदराबादला तयार झालेल्या ग्रामप्रियासारख्या जातीची कोंबडी वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. आपली अस्सल गावठी पन्नास-साठ, फार तर सत्तर. सत्तरी तालुक्यातली एक म्हातारी बाई माझ्याकडे दर पंधरवड्याला येते, डब्यात भाताच्या तुसात पुरलेली तीस-चाळीस अंडी घेऊन. एक फुटलेलं नसतं. मी तिला होस्पेटच्या भावाच्या दुपटीने पैसे देते आणि थोडी माझी भर घालून विकते. सकाळी आली की दुपारपर्यंत संपतात.

इथे एक सांगायलाच हवं. तपकिरी अंडं म्हणजे गावठी अंडं नव्हे. कवचाचा रंग जातीवर असतो, शेडमधल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकसारख्या आकाराची, एकसारख्या रंगाची ढीगभर 'गावठी' अंडी दिसली तर दोनदा विचार करा. खरी गावठी एका टोपलीत दहा रंगांची असतात, कुठलं लहान, कुठलं लांबट, एखाद्याला शेण चिकटलेलं.

आता नाताळ जवळ आलाय. थंडीत मागणी वाढते, भाव चढतो, त्या बाईंच्या बोलण्याला खरं कारण हेच. हळदोण्याची माझी एक जुनी गिऱ्हाईक घरी बेबिंका (थरांचा गोड केक) आणि बोलींहां (नारळाची बिस्किटं) करून विकते. एका बेबिंकेला दहा-बारा बलक तर सहज लागतात. तिने परवा फोन करून वीस ट्रे सांगितले, मोठ्या आकाराचे, एकही तडकलेलं अंडं चालणार नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, दर आजचा धरू की माल द्यायच्या दिवशीचा? ती म्हणाली, तू सांगशील तो.

आत्ताच मेसेज आला. शंभर अंड्यांमागे कालच्यापेक्षा पाच रुपये वर. मी बेळगावला फोन करून बारा ऐवजी अठरा पेट्या सांगितल्या आणि ताडपत्री नवी घालायला सांगितली. टॉर्च चार्जिंगला लावलाय. साडेचारला उठायचंय.