सिंहगड चढणाऱ्यांनी मोर्झीनला जाताना

सिंहगड सायकलने चढणाऱ्यांचे पाय तयार असतात, पण फ्रान्सच्या आल्प्समधल्या मोर्झीन गावात पायांना फारसं काम पडत नाही. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट उन्हाळ्यात सायकली नेते आणि आपण फक्त उतरत राहतो. गाव साधारण 1000 मीटरवर आहे, लिफ्टचं वरचं टोक, म्हणजे प्लेने, 1500 च्या आसपास. आठ फेऱ्या केल्या की दिवसाचा उतार 4000 मीटर होतो. गडावरून एकदा खाली येताना आपण जेमतेम 600 मीटर उतरतो. त्यामुळे पुण्यात कधीच न जाणवलेल्या दोन गोष्टी इथे आधी थकतात, ब्रेक आणि हाताचे पंजे.

पहिल्या खेपेला सायकल तिथेच भाड्याने घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. 200 मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी) डाउनहिल सायकल गावात सहज मिळते. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि सपाट तळव्याचे बूट मात्र स्वतःचे न्या. स्वतःचीच सायकल न्यायची असेल, तर खोका मुंबई विमानतळापर्यंत सेडानच्या डिकीत मावत नाही, मागची सीट पाडता येणारी गाडी बघा. पेडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. चाकं काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी खुपसा. प्रवासात ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. ई-बाइकची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, तो विचार सोडून द्या.

जिनिव्हाहून गाडीने साधारण सव्वा तासात मोर्झीन येतं. फ्रान्समध्ये वाटांचे रंग हिरवा, निळा, लाल, काळा असे चढत जातात. कॅनडातल्या व्हिस्लरला निळ्यानंतर थेट काळा येतो, तिथून आलेल्याने लाल रंग बघून गोंधळू नये. पहिल्या दिवशी निळ्याच वाटा घ्या.

बोरघाटात ट्रकच्या ब्रेक लायनरचा जो जळका वास येतो, तोच प्लेनेच्या खालच्या वळणांवर आपल्याच चाकातून येतो. कारण एकच: पूर्ण उतारभर ब्रेक हलकासा धरून ठेवणं. पॅड डिस्कवरून सुटतच नाही, थंड व्हायला उसंत मिळत नाही. इथे सायकलवाल्याला ट्रकसारखा खालच्या गिअरचा आधारही नाही. वळणाआधी जोरात मारायचा आणि वळणात सोडून द्यायचा, हे पहिल्याच फेरीपासून अंगवळणी पाडा.

बिघाड ओळखायची खूण बोटात आहे. लिव्हर कडक लागतो पण सायकल थांबत नाही, तर पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेत. ते काढून पॉलिश पेपरवर हलके घासा, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लिव्हर मऊ पडून थेट हँडलला टेकतोय, तर ब्रेकमधलं तेल उकळलंय. थांबून थंड होऊ द्या, आणि खाली आल्यावर तेल बदलून एअर काढून घ्या. डॉट (DOT) प्रकारचं ब्रेक तेल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून पुण्यातला एक पावसाळा काढलेलं तेल घेऊन तिथे जाऊच नका. मेटलचे पॅड आणि 200 मिलिमीटरची डिस्क असावी. नवे पॅड असतील तर सपाटीवर वेग घेऊन पंधरा-वीस वेळा ब्रेक मारून त्यांची डिस्कवरची पकड आधी बसवून घ्या.

हात भरून येतात ते मुठी आवळल्याने. लिव्हर हँडलच्या जवळ घ्या, थोडा आडवा करा, आणि एकच बोट त्याच्या टोकाला ठेवा. लिफ्टमध्ये बसल्यावर ग्लोव्ह्ज काढून पंजे सैल सोडा.

पाऊस पडून गेला की झाडांची मुळं साबणासारखी होतात. मुळावर ब्रेक मारायचा नाही, शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं.

दोन-तीन दिवसांनी अवोरियाझ या वरच्या गावामार्गे स्वित्झर्लंडच्या बाजूला जरूर जा, शेन्गेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. मात्र निघण्याआधी परतीच्या प्रत्येक लिफ्टची शेवटची वेळ फोटो काढून ठेवा. विजा चमकू लागल्या तर लिफ्ट वेळेआधीच बंद होतात. मधली एक जरी चुकली, तरी डोंगराला वळसा घालून टॅक्सीने यावं लागतं, म्हणून तीनच्या सुमारास पलीकडून निघा.